ताप येण्याआधी ठरवायच्या गोष्टी : उत्तर युगांडाच्या खेड्यात जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

उत्तर युगांडातील लांगो किंवा आचोली भागातल्या एखाद्या शाळेत, शेती प्रकल्पात किंवा पाणीपुरवठ्याच्या कामावर सहा महिने-वर्षभरासाठी जाणाऱ्या माणसाने आपण तिथे कधीतरी आजारी पडणार, हे गृहीत धरूनच तयारी करावी. मी गेलो तेव्हा तसे गृहीत धरले नव्हते. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी अंग मोडून आले, थंडी वाजली, आणि दिवसभर उन्हात शाळेच्या छपराचे काम केल्यामुळे असे झाले असावे, असे मानून मी पॅरासिटामॉल घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरे वाटले, संध्याकाळी पुन्हा ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी यजमानीणबाईंनी मला जवळजवळ ओढतच आरोग्य केंद्रात नेले. हिवताप होता. त्या दोन दिवसांत मी जे जे ठरवले ते सगळे चुकीचे होते, आणि तरीही ठरवताना मला ते अगदी शहाणपणाचे वाटत होते. म्हणून या लेखातल्या बहुतेक सूचना अशा आहेत की ज्या धडधाकट असताना अमलात आणायच्या. तापलेल्या डोक्यावर कोणताही निर्णय सोपवायचा नाही.

पुण्या-मुंबईतून निघण्यापूर्वी

पहिले काम पीतज्वराच्या, म्हणजे ‘यलो फीवर’च्या लसीचे. युगांडात प्रवेश करताना या लसीचे पिवळे प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे पूर्वी घेतलेल्यांनी पुन्हा घेण्याचे कारण नाही. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून जावे लागते, म्हणून तिकीट काढल्याबरोबर चौकशी करावी. परतीच्या वेळीही हे पुस्तिकावजा प्रमाणपत्र हाताशी ठेवावे, कारण त्याच्याशिवाय युगांडातून भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत, ठेवले जाऊ शकते. विषमज्वर, कावीळ अ आणि ब, धनुर्वात या लसींचेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. गावात कुत्री पुष्कळ असतात आणि रेबीजची लस जवळ मिळेलच असे नाही, म्हणून तिचे आगाऊ डोसही माझ्या मते घेऊनच निघावे.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आपल्याकडे एक गैरसमज दिसतो. ज्यांनी गडचिरोलीत किंवा मेळघाटात काम केले आहे, त्यांना वाटते की मलेरिया आपल्या ओळखीचा आहे. पण लहानपणी कधी मलेरिया होऊन गेला म्हणून प्रौढपणी त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही, आणि उत्तर युगांडातली डासांची घनता आपल्या कल्पनेपलीकडची आहे. याच लांगो भागातल्या अपाच जिल्ह्यात, या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या मोजणीत, एका माणसाला वर्षाकाठी रोगजंतू असलेल्या डासांचे दीड हजारांहून अधिक दंश होतात असे आढळले होते. फवारणी आणि औषधयुक्त मच्छरदाण्यांमुळे नंतर परिस्थिती सुधारली, पण फवारणी थांबली की आजार उसळून आल्याचेही तिथे दिसले आहे. आजार बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीव घेऊ शकणारा असतो.

गोळ्यांचे तीन प्रकार डॉक्टर सहसा सुचवतात. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर फक्त सात दिवस. डॉक्सिसायक्लिनने ऊन बाधते, आणि ती गोळी घेऊन लगेच आडवे झाले तर अन्ननलिकेत जळजळ होते, म्हणून ती जेवणासोबत भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विनमुळे काहींना भीतिदायक स्वप्ने पडतात किंवा मन अस्वस्थ होते, त्यामुळे मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असल्यास डॉक्टरांना तो आधीच सांगावा. कोणतीही गोळी शंभर टक्के संरक्षण देत नाही. गोळ्या नेमाने घेणाऱ्यालाही ताप आला तर तपासणी करावीच लागते, ही गोष्ट अनेक जण विसरतात.

विम्याचा कागद घरीच, शांतपणे, शेवटच्या पानापर्यंत वाचावा. पाहायच्या गोष्टी तीन: मुदत तुमच्या पूर्ण मुक्कामाइतकी आहे का, पर्यटनाऐवजी स्वयंसेवी काम, विशेषतः बांधकाम किंवा मोटारसायकलवरचा प्रवास, त्यात बसतो का, आणि विमानाने दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का. पूर्व आफ्रिकेत अशा रुग्णाला बहुधा नैरोबीला नेतात. तिथल्या विल्सन विमानतळावरून चालणारी ॲम्रेफ या आरोग्यसंस्थेची ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ सेवा १९५७ पासून हे काम करते आहे. पण विमा कंपनीच्या मदतकक्षाची मंजुरी आधी घेतली नसेल, तर खर्च नाकारला जाण्याचा धोका असतो. तो चोवीस तासांचा क्रमांक आणि पॉलिसीचा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा.

गावात पोहोचल्यावर पहिला आठवडा

युगांडाची सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यांची आहे आणि ती ओळखल्याशिवाय ‘जवळचा दवाखाना’ या शब्दाला अर्थ उरत नाही. तळाशी गावातले आरोग्य स्वयंसेवक. त्यांना लोक व्हीएचटी म्हणतात, आणि त्यांच्याकडची औषधे मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांसाठी असतात. त्यानंतर ‘हेल्थ सेंटर टू’, जिथे परिचारिका असते आणि फक्त बाह्यरुग्ण तपासले जातात. मग ‘थ्री’, जिथे क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण तपासून औषधे देणारा प्रशिक्षित कर्मचारी), प्रसूतिकक्ष आणि छोटी प्रयोगशाळा असते. मग ‘फोर’, जिथे डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह असणे अपेक्षित आहे. त्यावर जिल्हा रुग्णालय, विभागीय रुग्णालय आणि शेवटी राजधानी कंपालातील मुलागो रुग्णालय. २००१ पासून सरकारी केंद्रांत तपासणीचे शुल्क घेत नाहीत, पण औषधे संपलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. याशिवाय मिशनरी रुग्णालये आहेत. गुलूजवळचे लाकोर येथील सेंट मेरीज रुग्णालय १९५९ मध्ये सुरू झाले आणि आजही साऱ्या उत्तर भागातले रुग्ण तिथे येतात.

पहिल्याच आठवड्यात, अंगात ताकद असताना, ‘थ्री’ केंद्रापर्यंत एकदा स्वतः जाऊन यावे. प्रयोगशाळा कोणत्या वेळी उघडी असते, मलेरियाच्या तपासणीच्या पट्ट्या आहेत का, रविवारी कोण असते, हे विचारावे. तिथून पुढच्या मोठ्या रुग्णालयाचे अंतर किलोमीटरपेक्षा तासांत मोजावे, आणि तेही कोरड्या रस्त्याचे व चिखलाचे असे वेगवेगळे. एक बोडाबोडावाला आणि एक मोटारवाला ओळखीचा करून ठेवावा, त्यांचे क्रमांक फोनबरोबर वहीतही लिहावेत. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. ती तापाच्या रुग्णाला केंद्रापर्यंत नेऊ शकते, पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला तिच्यावर बसवणे धोक्याचे आहे.

पैशाची सोय दुहेरी हवी. खेड्यातले बरेचसे व्यवहार एमटीएन किंवा एअरटेलच्या मोबाइल मनीवर चालतात, तेव्हा स्थानिक सिमकार्ड घेऊन ते खाते सुरू करावे, आणि शिवाय गाडी, औषधे व रुग्णालयातील अनामत भागेल एवढे शिलिंग रोख, बंद पाकिटात, वेगळे ठेवावेत. त्याच पाकिटात पारपत्राची प्रत, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरच्यांचे क्रमांक असलेला कागद असावा.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. गावातला एक माणूस, शक्यतो तुमचे यजमान किंवा शाळेतले सहकारी, आणि गावाबाहेरचा एक माणूस, म्हणजे संस्थेचा समन्वयक, अशा दोघांना आधीच सांगून ठेवावे की मला ताप आला तर निर्णय तुम्ही घ्यायचा. काय ठरले आहे ते त्यांना लेखी द्यावे: तपासणी त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी सुधारणा नसेल तर पुढच्या केंद्रात, आणि खाली दिलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी एक जरी दिसले तरी, मी कितीही ‘ठीक आहे’ म्हणालो तरी, थेट मोठ्या रुग्णालयात. आपल्याकडचा माणूस परक्या घरात दुखणे लपवतो. यजमानांना त्रास नको, कामाचा खाडा नको, लोक म्हणतील हा पाहुणा नाजूक निघाला. यजमानांनाही परक्या माणसावर जबरदस्ती करायला संकोच वाटतो. ती परवानगी आधी दिलेली असली की दोन्ही संकोच गळून पडतात.

ताप आला त्या दिवशी

सर्वांत आधी थर्मामीटर लावावा. कपाळाला हात लावून काही ठरवू नये. ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेला की त्याला ताप म्हणावे आणि वेळ व आकडा वहीत लिहावा. मग ठरलेल्या दोघांना कळवावे. घरी आईला फोन तपासणीनंतर केलेला बरा, कारण इथून ती काढा आणि विश्रांती याशिवाय काय सांगणार, आणि त्या प्रेमळ सल्ल्यात एक दिवस निघून जातो.

गावात पोहोचून सात दिवस झाले नसतील, आणि त्याआधी तुम्ही मलेरियाच्या भागात नव्हता, तर तो ताप बहुधा हिवतापाचा नसतो, कारण फाल्सिपेरमला डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किमान तेवढे दिवस लागतात. त्यानंतरचा प्रत्येक ताप, तपासणीत उलट सिद्ध होईपर्यंत, हिवतापच समजावा. बोटाच्या रक्ताच्या एका थेंबावर होणारी पट्टीची तपासणी १५-२० मिनिटांत निकाल देते. निकाल नकारात्मक आला आणि ताप टिकून राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासणी करावी, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही. उलट, महिनाभरापूर्वी मलेरिया होऊन गेला असेल तर तीच पट्टी उपचारानंतरही काही आठवडे सकारात्मक दिसू शकते. अशा वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे.

बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानात तपासणीशिवाय इंजेक्शन किंवा सलाईन लावून घेण्याची पद्धत तिथेही आपल्याइतकीच रूढ आहे. ती टाळावी. ‘मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही आहेत’ हे निदानही विडाल या टायफॉइडसाठीच्या एका रक्तचाचणीवर सर्रास दिले जाते, आणि त्या चाचणीवर एकट्याने विसंबता येत नाही.

ताप उतरण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक नाही. पण ते घेतल्यावर बरे वाटणे हा पुरावा मानू नये. मी नेमका तिथेच फसलो.

केंद्रात गेल्यावर तुमचे तापमान दारातच घेतले गेले आणि गेल्या तीन आठवड्यांत कुणाच्या अंत्यविधीला गेला होता का, असे विचारले, तर रागावू नये. युगांडाने इबोलाच्या अनेक साथी पाहिल्या आहेत. २००० मध्ये गुलूत आलेल्या साथीत लाकोर रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुकविया स्वतः त्या आजाराने गेले, आणि २०२२ मध्ये मुबेंडे येथून पुन्हा साथ पसरली होती. त्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत.

गोळ्या सुरू झाल्यावर

साध्या हिवतापावर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे जोडऔषध देतात. तीन दिवसांत सहा मात्रा असतात: पहिली लगेच, दुसरी बरोबर आठ तासांनी, आणि नंतर पहिलीपासून मोजून २४, ३६, ४८ व ६० तासांनी. संध्याकाळी सहाला पहिली घेतली तर दुसरी रात्री दोनला येते आणि तीच सर्वाधिक चुकते, म्हणून गजर लावावा किंवा यजमानांना उठवायला सांगावे. ३५ किलोवरच्या माणसाला युगांडात मिळणाऱ्या २०/१२० मिलिग्रॅमच्या गोळीच्या चार-चार गोळ्या एका वेळी घ्याव्या लागतात. भारतातून नेलेल्या पाकिटात मात्र ८०/४८० ची एकच गोळी पूर्ण मात्रा असू शकते. हा फरक वाचून, पाकिटावर पेनाने लिहून ठेवावा.

ही गोळी स्निग्ध पदार्थाबरोबर घेतली तरच रक्तात नीट उतरते. दूध नसेल तर गावात सहज मिळणारे ओडी, म्हणजे तीळ-शेंगदाण्याचे घट्ट वाटण, दोन चमचे पुरते, आणि शाकाहारी माणसाला तर तो मोठाच आधार आहे. तासाभरात उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा घ्यावी. पुन्हा उलटी झाली तर गोळ्यांचा नाद सोडून रुग्णालय गाठावे. दुसऱ्या दिवशी ताप गेला तरी सहाही मात्रा पूर्ण कराव्यात. उत्तर युगांडात या औषधाला अंशतः न जुमानणारे परोपजीवी सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. औषध अजून काम करते, पण तीन दिवसांनंतरही ताप राहिला तर रक्त पुन्हा तपासून घेणे तिथे विशेष गरजेचे आहे.

वेळेबद्दल एक गमतीची, पण औषधाच्या बाबतीत गंभीर गोष्ट. लुगांडा आणि स्वाहिली या भाषांत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे ‘दोन’. इंग्रजीत बोलताना हा घोळ सहसा होत नाही, पण मधे कुणी दुभाषा असेल तर गोळीची वेळ घड्याळावर बोट ठेवून पक्की करावी.

धोक्याची लक्षणे, ज्यांचा कागद यजमानांच्या भिंतीवर लावायचा, ती अशी: बोलण्यात गोंधळ किंवा अतिझोप, झटके, काहीही पोटात न टिकणे, आधाराशिवाय बसता न येणे, जोरात किंवा कष्टाने श्वास, डोळे पिवळे होणे, लघवी काळपट किंवा फारच कमी होणे, कुठूनही रक्त येणे. यांपैकी एक दिसले की गोळ्यांवर विसंबायचे नाही. शिरेतून आर्टेसुनेट मिळेल अशाच ठिकाणी जायचे, आणि निघण्यापूर्वी फोन करून ते औषध शिल्लक आहे का ते विचारायचे.

हलवायचे असेल तर दुपारी दोनच्या आत ठरवावे, असा माझा नियम आहे. विषुववृत्ताजवळ वर्षभर संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार पडतो, रात्रीचे रस्ते धोक्याचे असतात, आणि लहान धावपट्ट्यांवर दिवे नसल्यामुळे विमानही दिवसाउजेडीच उतरते. जीवघेणे लक्षण दिसले तर अर्थातच हा नियम गुंडाळून ठेवावा. विमा कंपनीला फोन निघता निघता करावा, पोहोचल्यावर नव्हे.

रुग्णालयात तुमच्याबरोबर एक माणूस लागतोच. तिथे अंथरूण, जेवण, पाणी, कपडे धुणे हे सगळे रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांनी करायचे असते, आणि परदेशी स्वयंसेवकाला नातेवाईक नसतो. म्हणून चादर, ताट-पेला, साबण आणि पाण्याचा कॅन गाडीत टाकूनच निघावे.

तपासणीचे ठिकाण एक दिवसाहून दूर असेल, तरच स्वतःजवळ जोडऔषधाचा एक पूर्ण संच राखून ठेवावा, तोही आधी डॉक्टरांशी बोलून आणि परवानाधारक औषधालयातून घेतलेला, कारण बनावट गोळ्यांचा धोका खरा आहे. तो संच सुरू केला तरी दवाखान्याकडचा प्रवास थांबवायचा नाही.

पोट बिघडले तर

याचा बाऊ करू नये. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. (असेच साधे मिश्रण १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो जीव वाचवायला वापरले होते.) शौचातून रक्त, ताप, किंवा तीन दिवसांनंतरही जुलाब, यांपैकी काही असेल तर केंद्रात जावे. जुलाबासोबत ताप असेल तर मलेरियाची पट्टी करायलाच हवी, कारण हिवतापातही पोट बिघडते.

उठल्यानंतर

ताप गेला तरी पंधरवडाभर अशक्तपणा राहतो, आणि त्या काळात उगीचच रडू येते, काम निरर्थक वाटते, परत जावेसे वाटते. हा निर्णयही त्या पंधरवड्यात घेऊ नये. आठवडाभर शहरात राहायला मिळाले तर राहावे. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने हाकलून दिलेल्या भारतीयांपैकी काही कुटुंबे पुढे परतली, नवेही आले, आणि आज लिरा-गुलूच्या बाजारात भारतीय दुकानदारांकडे मूगडाळ मिळते. खिचडीने मन किती ताळ्यावर येते हे आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

भारतात परतल्यावर प्रतिबंधक गोळ्यांचा उरलेला क्रम पुरा करावा. घरच्या अंथरुणात ते हमखास राहून जाते. पुढच्या तीन महिन्यांत, क्वचित त्यानंतरही, ताप आला तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य ‘मी युगांडातून आलो आहे’ हेच असावे. पावसाळ्यात पुण्या-नाशिकच्या दवाखान्यात तापाचा रुग्ण दिसला की डेंग्यूचा विचार आधी होतो आणि त्यात मोलाचे तास जातात. व्हिक्टोरिया सरोवरात किंवा नाईलच्या काठच्या पाण्यात उतरला असाल, तर गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमाची तपासणी सुमारे तीन महिन्यांनी करून घ्यावी. ती गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शिरणारी कृमी आहे. पुष्कळदा काही लक्षण देत नाही आणि प्राझिक्वांटेलने बरी होते, पण तिचे नाव आपल्याकडच्या डॉक्टरांना तुम्हीच सुचवावे लागेल.